चौकट बदलली, झडप बसेना

श्रोतेहो, गिरगावातल्या आमच्या खोताच्या वाडीत अजून काही जुनी लाकडी घरे उभी आहेत. अशा घराच्या खिडकीची चौकट बदलली, की जुनी झडप तीत बसेनाशी होते. म्हणून सुतार काही घर पाडायला सांगत नाही. तो नव्या चौकटीचे माप घेतो आणि रंधा काढतो. संगणकाविषयी आज मला एवढेच सांगायचे आहे.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतला. ही आपली चौकट. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर ही झडप. पुष्कळसे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. त्यांची चिंता नसते. काही मात्र बाहेरून घालावे लागतात आणि कर्नल बदलला, की ते त्याच्या मापाने पुन्हा बांधावे लागतात. हे काम डी.के.एम.एस. नावाचा सुतार आपणहून करतो. ते फसले, की पडदा काळा पडतो, नाही तर चित्र ओबडधोबड दिसते.

हा प्रसंग मजवरही आला. घाबरून मी सारी डिस्क पुसली आणि प्रणाली नव्याने घातली. वाडीतल्या एका वृद्ध शेजारणीच्या आठवणी, तिच्याच आवाजातल्या, त्या डिस्कवर होत्या. दुसरी प्रत नव्हती, आणि बाई आता हयात नाहीत. गुरुजी, तुमच्या शाळेच्या संगणकातही मुलांचे असे काही असेल. म्हणून विनवतो, पुसू नका.

संगणक पुन्हा सुरू करा. यादी दिसली नाही, तर आरंभीच शिफ्ट किंवा एस्केप दाबून पाहा. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये मागचा कर्नल बहुधा असतोच, तो निवडा. जुन्या चौकटीत जुनी झडप बसते. पडदा उजळला, की आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून घ्या.

मग शांतपणे पाहा. नव्या कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे मापाचा कागद, आल्या आहेत का? नसतील तर त्या कर्नलचा क्रमांक सांगून मागवा. पुष्कळदा सुतार लगेच कामाला लागतो. कंपायलर, म्हणजे रंधा-पटाशी, आहे ना? डिस्कवर जागा आहे ना? एवढे असूनही बांधणी फसली, तर 'मेक.लॉग' ही फाइल उघडा. शेवटची ओळ नुसते 'फसले' एवढेच म्हणते. 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कोठे आला ते शोधा. तेथे कर्नलमधले एखादे नाव सापडत नाही असे लिहिले असेल, तर बहुधा ड्रायव्हर जुना झाला आहे. कर्नलच्या आतली मापे कायम राहतील, असे वचन त्याच्या कर्त्यांनी दिलेलेच नाही. नवा ड्रायव्हर घाला; तो येईपर्यंत मागच्याच कर्नलवर काम चालवा.

बांधणी झाली, तरी ड्रायव्हर चालत नाही, असेही होते. अशा वेळी 'सिक्युअर बूट' त्यावर ओळखीची सही मागत आहे का, ते पाहा.

घर शाबूत आहे, मंडळी. अडली आहे ती एक झडप.