आधी साहेब दाखवा

अध्यक्ष महाराज आणि या उकाड्यात घरचा पंखा सोडून आलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘नव्या कर्मचाऱ्याचे उद्बोधन आणि पर्यवेक्षकाची भूमिका’. एवढी भारदस्त भाषा माझी नव्हे, समितीची. (हशा) मला एकच सांगायचंय. नव्या माणसाला कारखाना दाखवण्याआधी त्याचा साहेब दाखवा. साहेब म्हणजे एमडी नव्हे. ज्याच्याकडे रजा मागायची तो सुपरवायझर.

इंडक्शन कसं होतं हे तुम्हाला सांगायला नको. फॉर्म, फिल्म, सेफ्टी शूज, ओळखपत्र, कँटीनचं जेवण. झालं.

1960च्या दशकात डॅलसला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये बायका सूक्ष्मदर्शकाखाली इंटिग्रेटेड सर्किटं जोडत असत. तिथल्या गोमरसॉल आणि मायर्स या दोघांनी शोधलं, की नव्या बायकांना काम लवकर का जमत नाही. हात चालत होते, पण धास्ती होती. जुन्या बायका घाबरवायच्या, आणि साहेबाला विचारायची छाती नव्हती.

आमच्याकडेही हेच. मी शॉपवर नवा असताना एका फिटरनं सांगितलं, ‘स्टोअरमधून लेव्हलचा बुडबुडा आण, जुना फुटलाय.’ (हशा) थांबा, पुढे आहे. स्टोअरकीपरनं गंभीरपणे रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, ‘बुडबुडे मेंटेनन्सकडे.’ मेंटेनन्सवाल्यानं विचारलं, ‘मोठा की छोटा?’ मी म्हटलं, ‘विचारून येतो.’ (मोठा हशा) परत शॉप, परत मेंटेनन्स. ‘छोटा संपलाय, टूलरूममध्ये बघ.’ टूलरूममध्ये एका म्हाताऱ्या कारागिरानं स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि हळूच सांगितलं, ‘पोरा, बुडबुडा मिळत नसतो.’ या सगळ्या फेऱ्या आमच्या सुपरवायझरच्या काचेच्या केबिनसमोरून झाल्या. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. मी रुजू झालोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे केव्हातरी त्यांनी मला अडवून विचारलं, ‘तू कोणाचा रे?’

बुडबुड्याचं काही वाटलं नाही, श्रोतेहो. ‘कोणाचा’ अजून टोचतं.

तर डॅलस. नव्यांपैकी दहा जणींना पहिला अख्खा दिवस काम दिलंच नाही. बसवून सांगितलं, की तुम्हाला हे जमण्याची शक्यता भरपूर आहे. जुन्यांच्या थापा मनावर घेऊ नका. विचारायला लाजू नका. आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात मोलाचं: तुमचा सुपरवायझर कसा आहे. कडक आहे, पण मनमिळाऊ. मासेमारीचा आणि हॅम रेडिओचा नाद. कधीकधी बुजतो, पण तुम्ही बोललात तर त्याला आवडतं. जागेवरून उठताना त्याला सांगून जा.

आपल्याकडे असं कोणी सांगेल? ‘सकाळचा चहा होईपर्यंत पाटीलसाहेबांच्या वाऱ्याला उभं राहू नका’, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. (हशा)

मागे कुजबुज चाललीय. पर्सोनेलवाले दिसतात. तुमच्यावर राग नाही. म्हणजे, थोडा आहे. (हशा) तुम्ही म्हणाल, सुपरवायझरच्या डोक्यावर उत्पादनाचं टार्गेट, त्याला वेळ कुठून? डॅलसला या पद्धतीनं शिकण्याचा काळ निम्म्यावर आला, गैरहजेरीही निम्मी झाली. वेळ असा वाचतो. आणि तिथले सुपरवायझरही धास्तावलेले निघाले, कारण ऑपरेटरला काम त्यांच्याहून जास्त कळत होतं. हे कळल्यावर काचेमागचे आमचे साहेब मला थोडे समजले.

कोणी म्हणेल, कंत्राटी पोरगा आज आहे, उद्या नाही, त्याच्यासाठी दिवस कशाला घालवा? हजेरी ठेकेदाराच्या पटावर असेल, पण प्रेस तीच आहे आणि बोटं त्याची आहेत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! अहो, दुसऱ्या महायुद्धातली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ राहिलीच की. तासाभराचा ऐवज आहे. दोन वाक्यांत घ्या. 1940 ते 1945 या काळात अमेरिकेत 16 हजारांवर कारखान्यांतल्या 17 लाखांवर लोकांना हे शिक्षण मिळालं. पुढे ते जपानला, टोयोटापर्यंत गेलं. शिकवण्याच्या पायऱ्या चार: माणसाला तयार करा, करून दाखवा, करून घ्या, मग लक्ष ठेवा. आणि पहिल्या पायरीत पहिलं काम कुठलं? त्याची धाकधूक घालवणं. मशीनचा नंबर नंतर.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. थांबतो. पर्सोनेलवाल्यांनी मात्र जाऊ नये, चहा माझ्याकडून. (हशा, टाळ्या)