गुआमचा खंड्या : एका अजाणत्या हिंसेची कथा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एका पक्ष्याची कथा सांगण्यास मी उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ही कथा शेवटी आपल्यापाशीच येऊन थांबते, म्हणून ती निवडली.

खंड्या आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. विहिरीच्या कठड्यावर किंवा विजेच्या तारेवर निश्चल बसलेला हा निळ्या पंखांचा पक्षी आपण लहानपणापासून पाहत आलो. त्याचाच एक भाऊबंद प्रशांत महासागरातील गुआम बेटावर राहत असे. हे उष्ण कटिबंधातील छोटेसे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. तेथील मूळचे चामोरो लोक या पक्ष्याला 'सिहेक' म्हणतात. दालचिनीच्या रंगाचे मस्तक आणि निळसर हिरवे पंख असे त्याचे रूप. तो पाण्याकाठचा नव्हे, तर अरण्यातला रहिवासी. कुजलेल्या खोडावर चोचीने आघात करून नर व मादी दोघे मिळून घरट्याची ढोली कोरतात.

१९८८ नंतर गुआमच्या अरण्यात हा पक्षी कोणालाही दिसला नाही.

त्याची शिकार झाली नव्हती आणि कोणी वैरभावाने त्याच्या मागे लागलेही नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, बहुधा लष्करी सामानातून, न्यू गिनीच्या उत्तरेकडील बेटांवरचा तपकिरी वृक्षसर्प गुआमवर येऊन पोहोचला. रात्री हिंडणारा आणि झाडावर सहज चढणारा हा साप तेथील पक्ष्यांना सर्वस्वी अपरिचित होता. त्याच्यापासून अंडी व पिल्ले कशी राखावीत, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. सापांची संख्या लक्षावधींवर गेली आणि अरण्य एकेका भागातून मुके होत गेले. प्रारंभी कीटकनाशके किंवा रोगराई यांवर संशय घेतला गेला. ज्यूली सॅविज या संशोधिकेने १९८७ मध्ये खरे कारण पुराव्यानिशी मांडले, तोवर फार उशीर झाला होता. मूळच्या बारा अरण्यपक्ष्यांपैकी दहा जाती बेटावरून नाहीशा झाल्या.

पक्षी गेल्याने इतर जीवांचे काय झाले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पावसाळ्यात गुआमच्या अरण्यात कोळ्यांची संख्या शेजारच्या बेटांच्या चाळीस पटींपर्यंत आढळली. फळे खाऊन बिया दूरवर नेणारे पक्षी उरले नाहीत, त्यामुळे झाडांची नवी रोपेही कमी उगवू लागली. एका जीवाचा आधार सुटला की त्याच्या आधाराने उभे असलेले किती जीव डळमळतात, याचा हा प्रत्यक्ष दाखला आहे.

सुदैवाने १९८४ ते १९८६ या काळात २९ सिहेक पकडून अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले होते. आज जगात जे सिहेक आहेत, ते सर्व त्यांचेच वंशज. तीन तपांहून अधिक काळ या पक्ष्यांच्या पिढ्या पिंजऱ्यात जन्मल्या आणि पिंजऱ्यातच संपल्या. त्यांची संख्या दीडशेच्या आतच राहिली, पण सांभाळणाऱ्यांनी धीर सोडला नाही. अखेर २०२४ च्या सप्टेंबरपासून हवाईच्या दक्षिणेस सुमारे सोळाशे किलोमीटरवरील पाल्मायरा या सर्परहित बेटावर नऊ तरुण पक्षी मुक्त करण्यात आले, आणि २०२५ मध्ये त्यांतील जोड्यांनी अंडी घातली. जन्मभूमी मात्र अद्याप दूरच आहे, कारण गुआमवर साप आहेतच.

येथे आपल्यासारख्यांसमोर एक कठीण प्रश्न उभा राहतो. गुआमवर या सापांना सापळे लावतात, औषध भरलेले मेलेले उंदीर हेलिकॉप्टरमधून टाकून मारतात. पक्षी वाचावा म्हणून साप मारावा काय? माझे मन याला सहज संमती देत नाही, आणि त्याच वेळी सिहेकने कायम पिंजऱ्यातच राहावे असेही मला म्हणवत नाही. याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढे मात्र निश्चित सांगतो की, साप अपराधी नाही. तो आपल्या स्वभावाप्रमाणे जगला. अपराध घडला तो सामान न तपासता पुढे पाठवणाऱ्या माणसाच्या हातून. आपल्या परंपरेत याला प्रमाद म्हणतात. हेतू नसला तरी बेसावधपणातून हिंसा घडते, आणि पुढे तिचे निवारण करू जाता आणखी हिंसेचा प्रसंग येतो.

गुआमहून बाहेर जाणाऱ्या मालाची आता प्रशिक्षित कुत्र्यांकरवी तपासणी होते. हीच दक्षता प्रारंभी असती तर ना पक्षी मेले असते, ना साप. जयणा म्हणा, यत्नाचार म्हणा, त्याचे मोल ते हेच.

आता आपल्या दाराशी येऊ. जीवदयेच्या शुद्ध भावनेने आपल्यातील कित्येक जण बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडतात, घरातले कासव किंवा शोभेचे मासे तळ्यात सोडतात. भावना निर्मळ आहे, पण विकत घेतलेल्या प्रत्येक पक्ष्यामागे पारधी आणखी पक्षी पकडतो. परदेशी लाल कानांची कासवे आपल्या तळ्यांत शिरून तेथील मूळच्या कासवांचे अन्न व आसरा बळकावतात. माझ्या हातूनही असे पुण्यकार्य घडलेले आहे, म्हणून हे कोणावर ठपका ठेवण्यासाठी बोलत नाही. सोडण्यापूर्वी जाणत्याला विचारावे, जखमी पक्षी उपचारकेंद्रात द्यावा, पक्ष्यांच्या खरेदीचा पैसा त्यांच्या औषधपाण्याकडे वळवावा, एवढीच नम्र विनंती आहे.

संस्थेने पन्नास वर्षे करुणेचा दिवा तेवत ठेवला. पुढील पन्नास वर्षांत त्या करुणेला सावधानतेची जोड मिळो, ही सदिच्छा व्यक्त करून माझे दोन शब्द पुरे करतो.

जय जिनेंद्र.