वावरातली भाजी कुठे गेली?

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झाले. आता भाजीवर बोलायचे आहे. हसू नका. ज्या घरी पाच एकर वावर आहे, त्या घरची बाई आठवडी बाजारातून मेथीची जुडी विकत आणते. हा हिशेबाचा विषय आहे.

आधी कसे होते ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पऱ्हाटीच्या आठ-दहा तासांनंतर तुरीचे एक तास असे. ज्वारीत मूग, उडीद, बरबटी. पेरणीच्या दिवशी बाई ओटीत अंबाडी, भेंडी, काकडी, वाळकाचे मूठभर बी घेऊन जाई आणि तासाच्या टोकाला, धुऱ्याच्या कडेला टोबत जाई. कर्जाच्या अर्जात त्याची नोंद नव्हती, पण पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत कालवणाची चिंता नसे. घरामागे न्हाणीचे पाणी जिरे तिथे अळू असे आणि कवेलूवर दोडक्याचा वेल चढलेला असे. चुलीवर टांगलेल्या तुंब्यात पुढच्या वर्षाचे बी राहत असे. या भाजीवर हुकूम बाईचा. चार काकड्या विकल्या तर ते पैसेही तिचेच.

हे का मोडले? बायका आळशी झाल्या, असे सांगणारे पुढारी आम्ही ऐकले आहेत. ते खोटे आहे. ज्वारीला भाव मिळाला नाही म्हणून ती गेली, सोयाबीन आले. ज्वारीबरोबर मूग आणि बरबटी गेली. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आधी बोंडअळीची फवारणी कमी झाली, मग तुडतुडे, पांढरी माशी आणि गुलाबी बोंडअळीपायी पुन्हा वाढली. निंदणाची मजुरी परवडेना म्हणून तणनाशक आले. त्यासाठी आम्ही कोणा शेतकऱ्याला दोष देत नाही. पण तणनाशकाला गाजरगवत आणि बरबटी यांतला फरक कळत नाही. घोळ, कुंजर, तरोटा यांची नावे कृषी महाविद्यालयाच्या पुस्तकात तणांच्या यादीत असतात. आमच्या आयांनी त्यांची भाजी करून आम्हाला वाढवले.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा फवारलेल्या पऱ्हाटीतली भाजी आज कोणी खाऊ नये, हे स्पष्ट सांगतो. जुनी पद्धत जशीच्या तशी परत येणार नाही. भाजी घराजवळच आणावी लागेल.

आता पाण्याचे बोलू, कारण कोरडवाहूत सगळे तिथेच अडते. पाच माणसांच्या घरात अंघोळीचे आणि भांड्यांचे मिळून दिवसाला 150 लिटर पाणी नालीत जाते असे धरा. हिवाळ्यात भाजीला चौरस मीटरमागे साधारण 4 लिटर लागते. म्हणजे या पाण्यावर दहा फूट बाय चाळीस फुटांचा तुकडा भिजतो. पाणी आधी गिट्टी-रेतीच्या खड्ड्यातून काढा. कपड्यांच्या साबणाचे पाणी पालेभाजीला नको, ते केळीला सोडा.

निघेल किती? तज्ज्ञ माणशी दिवसाला 300 ग्रॅम भाजी सांगतात. पाच माणसांना चार महिन्यांत 180 किलो. पावसाळ्यात एक गुंठा नीट जोपासला, हेक्टरी 15 टनाचा हिशेब धरला, तर दीडशे किलो निघते. हिवाळ्यात त्या छोट्या तुकड्यावर गरजेचा जेमतेम तिसरा हिस्सा. उन्हाळ्यात दोन-चार वेल जगले तरी खूप. टँकर लागणाऱ्या गावाला तर उन्हाळ्याचा हिशेब लागूच नाही. पोस्टरवर जी बारमाही हिरवी परसबाग दिसते, तिच्यामागे विहीर असते.

पैशात मांडू. बाजारात भाजीला आठवड्याला 300 रुपये गेले, तर वर्षाचे 15,600. कापसाचा भाव साडेसात हजार धरला तर दोन क्विंटल कापूस झाला. त्यातले पाच हजार घरात राहिले, तर ते बाईच्या हातात राहावेत. 1991 साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, त्यात सीताशेती पहिली होती. तिचा अर्थ आम्ही असा घेतो की हा तुकडा बाईच्या अकलेने चालावा. नवऱ्याने कुंपण घालून द्यावे.

आणि कुंपण लागतेच. माकडांनी आणि रानडुकरांनी कित्येक घरचे वेल मोडले आहेत. त्यावर सोपा उपाय आमच्याजवळ नाही. मेथी, अंबाडी, मिरची यांना माकडे त्यामानाने कमी छळतात, सुरुवात त्यांनी करा.

हे करून कर्ज फिटेल, असे कोणी सांगितले तर त्याला दारातून परत पाठवा. कर्ज भावाने फिटते, आणि ती लढाई सोडून कोणी वाफे खणत बसायचे नाही. सरकारने परसबागेचे बी फुकट वाटले म्हणून कापसाच्या भावाचा प्रश्न सुटत नाही.

बियाण्याचे एवढेच, की संकरित पाकिटाच्या फळाचे बी धरू नका, पुढल्या वर्षी एकसारखे झाड येत नाही. बरबटी, वाल, मेथी आणि गावरान टमाटर यांचे घरचे बी खुशाल धरा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून निदान दोन बाया याव्यात. ज्यांच्याकडे जुने गावरान बी असेल, त्यांनी ते मूठभर पुडीत बांधून, वर गावाचे नाव लिहून आणावे. सोबत चार बाजारांत भाजीला किती पैसे गेले, त्याचा कागद आणावा.