कांचेंतील सागर आणि शेवाळाचा जमाखर्च

समुद्राचा एखादा तुकडा घरांत आणून ठेवावा ही हौस मानवास फार जुनी नाहीं. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाणी ताजें राहावें म्हणून त्यांची दासी रोज उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. पुढें बाईंनीं त्या पाण्यांत समुद्रांतलें शेवाळ सोडलें, आणि दासीचें बरेंचसें काम त्या मुक्या वनस्पतीनें आपल्याकडे घेतलें. घरगुती सागरी मत्स्यालयाचा आरंभ असा शेवाळाच्या साहाय्यानेंच झाला.

आज मात्र प्रवाळांची नवी टाकी मांडणारा गृहस्थ शेवाळाचें नांव निघतांच कपाळाला हात लावतो. त्यानें महिनाभर खपून खडक रचावे, वाळू अंथरावी, तोलून मापून मीठ घालून खारें पाणी सिद्ध करावें, आणि एके सकाळीं पाहावें तों शुभ्र वाळूवर तपकिरी साय धरलेली! ती पुसावी तों खडकांवर हिरवे केस उगवतात. ते उपटावे तों काळसर तांबडा बुळबुळीत थर पसरतो. तीनचार महिन्यांत पुष्कळांचा धीर सुटतो आणि टाकी कोरडी होऊन माळ्यावर जाते. तिच्यांतील जिवांची गति काय होते, हें सांगावयास नको. हा शेवट बहुधा टाळतां येतो. परंतु त्यासाठीं शेवाळ पुसण्यापूर्वीं तें कशावर जगतें, हें पाहावें लागतें.

ज्या उष्ण समुद्रांत प्रवाळांचे खडक वाढतात, तेथील पाणी निर्मळ असतें, आणि त्याचें कारण त्यांत खतच फारसें नसतें. नायट्रेट व फॉस्फेट हीं वनस्पतींचीं पोषकें तेथें अत्यल्प. शेवाळ तेथेंही आहेच. किंबहुना प्रवाळाच्या देहांतच सूक्ष्म एकपेशीय शैवालें वस्ती करतात आणि उन्हांत अन्न तयार करून आपल्या यजमानास पोसतात. खडकावर उघडें वाढणारें शेवाळ मात्र बोटभर होण्यापूर्वींच मासे, शंखवर्गीय गोगलगायी आणि अर्चिन नांवाचे काटेरी चेंडूसारखे प्राणी तें खरवडून खातात.

हे चरणारे नाहींसे झाले म्हणजे काय होतें, याचा दाखला कॅरिबियन समुद्रानें दिला आहे. १९८३ च्या आरंभीं पनामाजवळ लांब काट्यांच्या काळ्या अर्चिनांमध्यें एक रोग शिरला आणि सुमारें वर्षभरांत त्या साऱ्या समुद्रांतील शेंकडा नव्वदांहून अधिक अर्चिन त्यानें मारले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे माणसांनीं आधींच पकडून संपवीत आणले होते, आणि १९८० च्या चक्रीवादळानें प्रवाळ मोडले होते. शेवटचा राखणदारही गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेथें निम्मा अधिक खडक प्रवाळांनीं झाकलेला होता, तेथें १९९३ पर्यंत शेंकडा पांच भागही उरला नाहीं; उरलेला बहुतेक खडक शेवाळानें व्यापला.

नव्या टाकींत हीच कथा लहान प्रमाणावर घडते. चरणारे प्राणी नाहींत, जीवाणूंची वसाहत अजून बसलेली नाहीं, दिवे मात्र प्रखर आहेत आणि वरून अन्न रोज पडतें आहे. अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें नायट्रेट करणारे जीवाणु स्थिर होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि त्यांचें काम संपतें तेथें नायट्रेट शिल्लक राहतेंच. म्हणून टाकीकडे जमाखर्चाच्या वहीसारखें पाहावें.

जमेची पहिली बाब अन्नाची. आल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञाच्या १९३४ पासूनच्या अभ्यासांतून जें प्रमाण रूढ झालें, त्याप्रमाणें समुद्रांतील सूक्ष्म तरंगत्या जिवांच्या देहांत फॉस्फरसच्या एका अणूमागें नायट्रोजनचे १६ व कार्बनचे १०६ अणु असतात. मोठ्या शेवाळांत कार्बनचा वांटा याहूनही अधिक. अर्थात् चिमूटभर फॉस्फेटांतून मूठभर शेवाळ निघतें. माशांनीं मिनिट दोन मिनिटांत संपविलें नाहीं तें सारें अन्न शेवाळाच्या पानांत पडलें असें समजावें.

दुसरी बाब पाण्याची. टाकींतून बाष्प होऊन उडतें तें केवळ पाणी. क्षार मागें राहतात. ही तूट नळाच्या पाण्यानें भरली, तर त्यांतील नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट दिवसेंदिवस सांचत जातात. स्वयंपाकघरांतील शुद्धीकरणयंत्रावरही विसंबूं नये. त्यांतील पुष्कळ यंत्रें चवीसाठीं कांहीं क्षार पाण्यांत राखून ठेवतात किंवा पुन्हां मिसळतात. त्या यंत्रापुढें क्षार शोषणारी राळेची नळी जोडून क्षारमापकावर शून्य दिसेल असें पाणी घ्यावें. तिसरी बाब खडकाची. चुनखडीचा खडक फॉस्फेट शोषून घेतो आणि पुढें तें हळूहळू परत सोडतो. यामुळें एक चमत्कारिक प्रसंग ओढवतो: परीक्षेंत फॉस्फेट शून्य निघतें, आणि डोळ्यांसमोर शेवाळ माजलेलें असतें. परीक्षा खोटी नसते. पाण्यांत आलेलें फॉस्फेट शेवाळानें आधींच गिळलेलें असतें.

आलेला पाहुणा कोणता, हेंही ओळखावें लागतें. पहिल्या कांहीं आठवड्यांतील तपकिरी साय बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालांची असते. त्यांचीं कवचें सिलिकेटाचीं, आणि पाण्यांतील सिलिकेट सरलें कीं तीं आपोआप विरतात. हिरवे केस नायट्रेट व फॉस्फेट यांची साक्ष देतात. तांबडा बुळबुळीत थर खऱ्या शेवाळाचा नसून सायनोबॅक्टेरिया या जीवाणूंचा असतो. जेथें प्रवाह मंद व गाळ सांचलेला, तेथें तो प्रथम धरतो. आणि बुडबुडे धरलेली, शेंबडासारखी लोंबणारी तपकिरी तार दिसली तर डायनोफ्लॅजेलेट जातीच्या जिवांचा संशय घ्यावा. हे पुष्कळदां अतिकंजूष मालकाच्या टाकींत येतात. पोषकें शून्यावर आणलीं कीं त्यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि यांना रान मोकळें मिळतें. म्हणून अनुभवी लोक शून्याचा हव्यास धरीत नाहींत. दहा लक्ष भागांत नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांच्या दरम्यान ठेवण्याचा त्यांचा यत्न असतो.

आतां खर्चाची बाजू. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें आणि त्याच वेळीं नळीनें गाळ ओढून घ्यावा. केसाळ शेवाळ हातानें उपटावें. शक्य तर खडक बाहेर काढून टाकींतून काढलेल्या पाण्याच्या बादलींत घांसावा, म्हणजे तुकडे टाकींत पसरत नाहींत. स्किमर या यंत्राचें काम गुऱ्हाळ पाहिलेल्यास सहज समजेल: काहिलींत उसाचा रस उकळतांना वर येणारी मळी झाऱ्यानें काढतात, त्याप्रमाणें खाऱ्या पाण्यांत बारीक बुडबुडे सोडून त्यांना चिकटलेली घाण फेसावाटे वेगळी होते. दिवे आठनऊ तासांहून अधिक जाळूं नयेत. गोगलगायी अवश्य आणाव्या, परंतु खाण्यापुरतें शेवाळ उगवल्यावर आणि थोड्या थोड्या. नाहींतर त्या उपासमारीनें मरून जमेच्या बाजूसच भर घालतील. शिवाय गोगलगाय शेवाळ खाते, पण टाकीबाहेर नेत नाहीं. तिच्या विष्ठेवाटे पोषकें पाण्यांत परत येतात. खरा खर्च तोच, जो टाकीच्या कांठापलीकडे जातो.

या साऱ्या कष्टांस कंटाळून मनुष्य औषधाच्या बाटलीकडे वळतो, आणि तेथें घात होतो. तांबें असलेलीं शेवाळनाशकें प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी यांना प्राणघातक आहेत. तांबें नसलेल्या औषधानें सगळें शेवाळ एका रात्रींत मेलें, तरी तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु ओढून घेतें आणि गिळलेलीं पोषकें परत करतें. मासे पहांटे पृष्ठभागाशीं श्वासासाठीं धडपडूं लागतात, आणि महिन्याभरांत नवें शेवाळ येतें तें येतेंच. एक गोष्ट आणखी. भारताच्या समुद्रांतील प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. लक्षद्वीपच्या किंवा मालवणच्या सहलींतून प्रवाळाचा तुकडा टाकीसाठीं उचलून आणणें हा गुन्हा आहे.

शेवाळावरील सर्वांत चतुर उपाय शेवाळाचाच आहे. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत १९८० मध्यें प्रवाळखडकाची जिवंत प्रतिकृति उभी करतांना वॉल्टर एडी या शास्त्रज्ञानें टाकीबाहेर दिव्याखालीं जाळ्या मांडल्या आणि पाणी त्यांवरून वाहतें ठेवलें. शेवाळ तेथें मुद्दाम वाढूं द्यावयाचें आणि ठराविक दिवसांनीं खरवडून फेकावयाचें. त्याच्याबरोबर पोषकेंही जातात. आज घरोघरींच्या लहान टाक्यांनाही अशी जाळी जोडतात. थिनबाईंनीं ज्या नोकरास घरांत घेतलें होतें, त्याला नेमून दिलेली ही स्वतंत्र खोलीच होय.

एवढें करूनही पहिलें वर्ष सोसावें लागतें. वहींतील दोन्ही बाजू जुळत आल्या कीं केसाळ रान मागें हटतें, आणि खडकावर एके दिवशीं नखाएवढा गुलाबी ठिपका दिसतो. तो पुसला जात नाहीं. महिन्यागणिक पसरतो, जांभळट होतो, दगडासारखा कठीण बनतो. खऱ्या समुद्रांत मोडके प्रवाळ जोडून खडक घट्ट करणारा थर तो हाच. नवखा मालक तो पाहून पुन्हां ब्रशाकडे हात नेतो. तेथें मात्र हात आवरावा. तेंही शेवाळच आहे, आणि टाकी आतां जगेल हें तें सांगत असतें.