दाराला कोणता रंग द्यावा?



घराच्या पुढच्या दाराला कोणता रंग द्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं येईल. भिंतींचे रंग ठरवितांना आपण आठ आठ दिवस घालवितों, पण रंगारी शेवटीं "दाराला कोणता देऊं?" असें विचारतो, तेव्हां "होता तोच द्या" म्हणून मोकळे होतों. मीही याच पंथाचा होतों. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत माझा चांगला महिना गेला.

आम्ही पुण्यांत एका जुन्या चार मजली इमारतींत राहतों. प्रत्येक मजल्यावर तीन दारें, आणि सारीं एकाच गडद तपकिरी रंगाचीं. माझी आई त्या वेळीं ८१ वर्षांची होती. तिची दृष्टि अधू झाली आहे. वस्तूंचे आकार दिसतात, पण दारावरची पाटी वाचतां येत नाहीं. रोज संध्याकाळीं देवळांत जाऊन ती एकटीच परत येत असे. एके दिवशीं मजले मोजतांना चूक झाली, आणि खालच्या बिऱ्हाडाच्या दाराला ती बराच वेळ किल्ली लावीत उभी राहिली. आंतल्या मंडळींनीं दार उघडलें, पाणी दिलें, वर आणून पोंचविलें. आम्ही हंसलों, तीही हंसली. पण दुसऱ्या दिवशीं ती देवळांत गेली नाहीं. तिसऱ्या दिवशींही नाहीं. विचारलें तर म्हणाली, "पाय दुखतात रे." आठवड्यानंतर माझ्या ध्यानांत आलें, कीं दुखणें पायांचें नव्हतें.

म्हणून दार रंगवायचें ठरलें. माझी पसंती गडद निळ्याला. फळीच्या एका तुकड्यावर तो रंग लावून मीं आईसमोर धरला. ती म्हणाली, "हा तर आपला जुनाच ना?" मला नवल वाटलें, पण त्याला कारण आहे. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जातें व निळा प्रकाश अडवूं लागतें. त्यामुळें गडद निळा, काळा आणि तपकिरी यांतील भेद वृद्ध डोळ्यांना नीटसा कळत नाहीं.

पत्नीनें तांबडा सुचविला. दिवसा तो फारच शोभला. पण तिन्हीसांजेला, जिन्यांतील दिवा लागण्यापूर्वीं पाहिला, तों काळवंडलेला! आपल्या अंगणांतील जास्वंद पाहा. सकाळीं तिचें फूल पानांतून कसें उठून दिसतें. दिवेलागणीला पानें अजून ओळखूं येतात आणि फूल मात्र काळें पडतें. पुर्किन्ये नांवाच्या झेक शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा बदल नोंदविला, आणि आजही तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. मंद प्रकाशांत आपला डोळा तांबड्याला आधीं मुकतो; आणि आई परत येते ती नेमकी त्याच वेळीं.

मुलानें शाळेच्या बसचा पिवळा रंग पुढें केला. आईला तो हातांत धरल्याबरोबर ओळखूं आला. पण जिन्याच्या पिवळसर भिंतीला फळी टेकविली, तों तोही तिला दिसेना. तेव्हां मला शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची हकीकत आठवली. पॅरिस येथें भिंतीवर टांगण्याचे चित्रमय पडदे विणणारा गोबलँचा प्रसिद्ध कारखाना आहे. तेथील रंगकामावर तो प्रमुख होता. काळा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानें शोध घेतला, तेव्हां दोष काळ्या लोकरीचा नसून शेजारच्या रंगांचा निघाला. या विषयावरील त्याचा ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला. सारांश, रंग एकटा कधींच दिसत नाहीं. शेजार त्याला उठाव देतो, किंवा बुडवितो.

मार्ग अखेर आईनेंच काढला. तिचा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेलेला. ती म्हणाली, "अरे, चौकट आहे तशीच राहूं दे. काळ्या फळ्यावर खडू दिसतो कीं नाहीं?" झालें! दार हळदी पिवळें, भोंवतालची चौकट गडद तपकिरी, आणि किल्ली चुकूं नये म्हणून कुलपाभोंवतीं तशीच एक गडद पट्टी.

इमारतीच्या पंचांनीं प्रथम हरकत घेतली. एकसारखेपणा बिघडतो, असें त्यांचें म्हणणें. मीं त्यांना किल्लीची हकीकत सांगितली. त्यांच्या घरींही वृद्ध माणसें होतीं. पुन्हां कोणी बोललें नाहीं.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची ती जुन्या थरांविषयीं. पूर्वीच्या पिवळ्या, तांबड्या, हिरव्या रंगांत बहुधा शिसें असे; आपला शेंदूर म्हणजे शिशाचेंच भस्म. भारत सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांवर आणलें, व ती मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आली. तेव्हां त्यापूर्वीं रंगविलेलें दार कोरडें घासूं देऊं नका. तें ओलें करून घासावें, मुलांना दूर ठेवावें, आणि खालचा चुरा झाडून न उडवितां ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

रंग निवडतांना दुकानांतील बोटभर नमुन्यावर विसंबूं नका. हातभर फळी रंगवून ती दाराशींच उभी करा. सकाळीं, दुपारीं आणि दिवे लागल्यावर दहा पावलांवरून पाहा. फार चकचकीत रंगावर दिव्याची तिरीप येते व अधू डोळे दिपतात. म्हणून चकाकी बेताचीच असावी. आणि घरांत ज्याची नजर सर्वांत कमी, त्याला आधीं विचारा.

रंग वाळल्याला तिसरा दिवस होता. संध्याकाळीं मी कचेरींतून आलों, तों पायताणांच्या जागेवर आईच्या चपला नव्हत्या. मी दार उघडें टाकून आंत बसणार होतों. पण तसें केलें नाहीं. लावून घेतलें, आणि वाट पाहत राहिलों. थोड्या वेळानें कुलपांत किल्ली फिरल्याचा आवाज आला, पहिल्याच खेपेला.