दिवेलागणीनंतरचं कॉलेज
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



पंचवीस वर्षांचा जमाखर्च अहवालात छापलेला आहे, तो मी पुन्हा वाचणार नाही. गळती, पाण्याचा टँकर आणि पार्किंग यांवर आपण प्रत्येक सर्वसाधारण सभेत मनसोक्त भांडलो आहोत. आज मला आपल्या मेंटेनन्सच्या बिलातल्या एका बारीक रकान्याविषयी बोलायचं आहे. 'शिक्षण व प्रशिक्षण निधी'. रक्कम इतकी किरकोळ, की आपले नेहमीचे थकबाकीदारसुद्धा तिच्यावर वाद घालत नाहीत. तो पैसा सहकाराच्या प्रशिक्षणासाठी जातो, तो जायलाच हवा. पण बिल हातात आलं की वाटतं, सोसायटीचा आणि शिक्षणाचा संबंध एवढाच?

दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. गुलाबाचं फूल, पेन, फोटो. त्यानंतर कोण कुठे थांबलं, हे कोणी लिहून ठेवत नाही. आपल्याच इमारतींत मला अशी सात घरं माहीत आहेत. नावं घेत नाही. एका घरातला मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी थांबला, कारण वडिलांचं काम गेलं. आज तो पाठीवर पार्सलची बॅग घेऊन रात्री दहाला घरी येतो. एक सूनबाई बारावीनंतर लग्न होऊन इथे आल्या. हिशेब इतका पक्का, की भिशीत पैशाची चूक होत नाही. बँकेत मी असे क्लार्क फार थोडे पाहिले! पण नोकरीच्या अर्जात पदवीचा रकाना रिकामा. ह्या मंडळींना विचारलं तर उत्तर एकच, "काका, आता कुठे वेळ?"

ते खरंच आहे, त्यांना आळशी म्हणू नका. पण वेळेची ही अडचण आपल्याकडे फार पूर्वीच ओळखली गेली होती. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. नोकरी करणाऱ्याने आधी शिकावं आणि मग ऑफिस गाठावं म्हणून. मी स्वतः बँकेत लागलो तेव्हा फक्त मॅट्रिक होतो. फोर्टातल्या एका कॉलेजात सकाळी सातला हजर, दहाला तिथून निघून चालत बँकेत. पदवी झाली आणि मग सी.ए.आय.आय.बी.ही झालं. त्यावर पगारवाढ मिळे, हे सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला अभ्यासाची मोठी आवड होती.

वरळीला 1967 मध्ये श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, देशातलं पहिलं. विद्यापीठ नावाला, पदवीबिदवी काही नाही. कामगाराला काय हवं ते आधी विचारायचं आणि त्याप्रमाणे छोटा अभ्यासक्रम आखायचा, ही पद्धत. वायरमनला नुसतं वायर जोडणं नाही, त्याबरोबर थोडं गणित, थोडा कायदा, थोडं आरोग्य. पुढे त्याच धर्तीवर देशभर संस्था निघाल्या. 2000 पासून त्यांना जन शिक्षण संस्थान म्हणतात. मला तिची एकच गोष्ट फार आवडते. वेळापत्रक शिकणाऱ्याच्या सोयीने.

मग आज अडलं कुठे? माझ्या मते अंतरात अडलंय. परळ-लालबागच्या चाळीतला माणूस कामावरून सुटून चालत रात्रीच्या वर्गाला जाऊ शकत होता. तीच कुटुंबं घराच्या किमतीमुळे सरकत सरकत बोरिवली, मिरारोड आणि शेवटी नायगाव पूर्वेला, इथे जूचंद्रला आली. माणसं इकडे आली आणि रात्रीचे वर्ग तिकडेच राहिले. आता फोर्टात किंवा दादरला वर्ग करून विरारची गाडी पकडायची, नायगावला उतरायचं, रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. घरी यायला मध्यरात्र. वसई-दिवा मार्गावर आपलं स्वतःचं जूचंद्र स्टेशन आहे खरं, पण गाड्या किती, ते तुम्हाला सांगायला नको. आणि वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत बारा तास उभं राहणाऱ्याला दिवसाचं कॉलेज काय कामाचं?

दार मात्र बंद नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करतंय. पुस्तकं घरी, अभ्यासकेंद्र जवळच्या कॉलेजात आणि तास बहुधा रविवारी. शिवाय आता एक नवीन सोय आहे, आणि तिचं नाव ऐकून माझ्यासारख्याचे कान टवकारले. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स! 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचे नियम केले. शिकलेल्या विषयांचे गुणांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात. मध्येच थांबावं लागलं तर ते मुदतीत पुढे वापरता येतात, कॉलेज बदललं तरी. व्याज नाही, पण मुद्दल बुडत नाही. मात्र ही व्यवस्था येण्याआधी थांबलेल्यांना आपोआप काही मिळेल असं धरू नका. विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा लागेल, गुणपत्रिका जुळवाव्या लागतील. त्या बी.कॉम.च्या मुलाला नेमकं हेच कोणी सांगायला नव्हतं.

आणि आपल्या गावाकडे बघा. हे जूचंद्र रांगोळीचं गाव म्हणून ओळखलं जातं. चंडिकादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी मुलं रांगोळीतून अशी हुबेहूब व्यक्तिचित्रं काढतात की फोटो वाटावा. त्यांनी कुठल्या कॉलेजात प्रवेश घेतला होता? दिवसभर नोकरी, रात्री मोठ्या कलाकारांच्या बाजूला बसून रंग चाळायचे, छटा जुळवायच्या, चुकलं की पुसायचं. वर्षं जातात त्यात. आपण फ्लॅटवाले ते प्रदर्शन बघायला रांगा लावतो, पण कामावरून आल्यावर शिकणं या गावाला नवं नाही, हे आपल्या लक्षात येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तळमजल्यावरचा आपला हॉल भाड्याने द्यावा, असा विषय येत्या सभेपुढे आहे. भाड्याने दिला तर उत्पन्न येईल आणि रंगकामाच्या निधीला हातभार लागेल, हे जुना खजिनदार म्हणून मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की आठवड्यातले चार दिवस, रात्री साडेआठ ते दहा, तो आपल्याकडे ठेवावा. साडेआठच का? त्याआधी गाडीतली माणसं पोचत नाहीत. त्या वेळेत पोळ्या लाटायच्या राहिल्या तर पुरुषांनी लाटाव्यात. हसू नका, भगिनींनो, मी गंभीरपणे बोलतोय. लहान मुलांना बाजूच्या खोलीत आम्ही आजी-आजोबा बघू. मुक्त विद्यापीठाचे अर्ज, गुणपत्रिका, परीक्षा शुल्क हे कागदपत्रांचं काम माझ्याकडे द्या. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका दोन आहेत, एक टॅली शिकवणारे आहेत, आणि गावातल्या रांगोळी कलाकारांनाही एखाद्या संध्याकाळी बोलावता येईल. वॉचमनच्या घरच्यांना आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही तितकाच प्रवेश असावा, ही माझी अट समजा.

उद्यापासून ऑफिसच्या टेबलावर एक वही असेल. नाव, कुठपर्यंत शिक्षण झालं, आणि घरी किती वाजता पोचता, एवढेच तीन रकाने. सभेच्या आदल्या दिवशी ती मी अध्यक्षांच्या हाती देईन. पहिली दोन नावं काल रात्रीच आली आहेत. त्यातलं एक भिशीच्या हिशेबवाल्यांचं आहे.