पाण्यावर धावणारी मोटार

तेलकंपन्यांविषयी कार्यकर्त्यांच्या मनात संशय असतो, आणि तो अकारण नाही. मात्र या संशयाच्या आडोशाला पुष्कळ भोंदूपणाही सुखाने नांदतो. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या स्टॅन्ली मेयरची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

आपली बग्गी पेट्रोलाऐवजी पाण्यावर धावते, असे मेयर सांगत असे. त्याच्या यंत्रात म्हणे पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होत, ते इंजिनात जळत आणि बाहेर पुन्हा पाणीच पडे. ना धूर, ना तेलाचे बिल! परंतु पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. ही राख पुन्हा पेटवायची, तर जळताना तिने दिलेली सारी ऊर्जा तिला आधी परत करावी लागते. शिवाय बॅटरी, तारा आणि इंजिन वाटेत आपापली दस्तुरी कापून घेतात. हा व्यवहार नफ्यात जाणे शक्यच नाही. पैसे गुंतवणाऱ्या दोघांनी अखेर दावा लावला. तज्ज्ञांना त्या यंत्रात नेहमीच्या विद्युत्-विघटनापलीकडे काही आढळले नाही, आणि १९९६ साली न्यायालयाने ही उघड फसवणूक ठरवून २५ हजार डॉलर परत करण्यास फर्मावले. १९९८ मध्ये मेयर वारला. मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याचा निष्कर्ष निघाला, तरी तेलवाल्यांनी विष घातल्याची आवई अजून विझलेली नाही. ती पसरविणाऱ्यांत आपलीही माणसे असतात.

मग भांडवलदार निर्दोष काय? मुळीच नव्हे. फोक्सवॅगनने 'स्वच्छ डिझेल' म्हणून खपविलेल्या मोटारी चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरीत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी मोजणीची उपकरणे घेऊन त्या रस्त्यावर पळविल्या, तेव्हा बिंग फुटू लागले. २०१५ साली जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी असल्याचे कंपनीला कबूल करावे लागले. अमेरिकेत काही गाड्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत होती. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतातही ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर झाले. २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. येथील नियम मोडल्याचे कंपनीने मात्र नाकारले.

मेयरच्या यंत्राला जी मोजपट्टी लावायची, तीच फोक्सवॅगनला लावायची. ती कोणाच्या हाती असावी, हा खरा राजकीय प्रश्न. एआरएआय १९६६ साली वाहन उद्योगानेच केंद्र सरकारच्या सहकार्याने स्थापन केली. एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना रस्त्यावरील धुराच्या चाचणीचे बंधन आले आहे. त्या मोजणीचे आकडे, गाडीच्या नावानिशी, सामान्य गिऱ्हाइकाला वाचायला मिळावेत, ही मागणी पक्षाने लावून धरावी.